वजनाची शस्त्रक्रिया : होकार देण्याआधीचा हिशेब

सप्टेंबर २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. पुढची अनेक वर्षे मंत्रिपदाची धावपळ ते करत राहिले. बरोबर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०१४ मध्ये, तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी दिल्लीत अशीच शस्त्रक्रिया करून घेतली. दीर्घकाळच्या मधुमेहामुळे वाढलेले वजन हे त्यामागचे कारण होते. मात्र काही आठवड्यांतच त्यांना एम्समध्ये पुन्हा दाखल व्हावे लागले. एखाद्या घरात हा विषय निघाला, की ज्याला शस्त्रक्रिया हवी असते तो पहिले उदाहरण देतो आणि ज्याला भीती वाटते तो दुसरे.

दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण त्यांच्यावरून तिसऱ्याच माणसाचा निर्णय होऊ शकत नाही. वय किती, वजन किती, मधुमेह किती वर्षांचा, हृदय आणि फुप्फुसे कशी आहेत आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दहा वर्षांत तपासण्या, गोळ्या, आहार सांभाळण्याची घराची तयारी किती, यावर सगळे अवलंबून असते. म्हणून होकार किंवा नकार देण्याआधी प्रत्येकाने स्वतःचे आकडे कागदावर मांडावेत. हा लेख त्यासाठी, विशेषतः दिल्लीकर मराठी कुटुंबांसाठी आहे.

दिल्लीतल्या पहाडगंजात मराठी माणसांची जुनी वस्ती आहे. नूतन मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र भवन आणि महाराष्ट्र रंगायन या तिन्ही संस्था याच भागात आहेत. इथल्या आणि आसपासच्या मराठी कुटुंबांत केंद्र सरकारचे नोकरदार आहेत, रेल्वेचे कर्मचारी आहेत, निवृत्त माणसे आहेत. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दिल्लीतल्या १५ ते ४९ वयाच्या ४१.३ टक्के स्त्रियांचे आणि ३८ टक्के पुरुषांचे वजन प्रमाणाबाहेर होते. महाराष्ट्रात हेच प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि २४.७ टक्के होते. म्हणजे गावाकडच्या नातेवाइकांपेक्षा दिल्लीकर मराठी माणूस या प्रश्नाच्या जास्त जवळ राहतो. उपचारही त्याच्या जवळच आहेत. लेडी हार्डिंग, राममनोहर लोहिया आणि सर गंगाराम ही रुग्णालये काही किलोमीटरवर आहेत आणि नवी दिल्ली स्थानकावरून पिवळ्या मार्गाची मेट्रो थेट एम्सला जाते.

कोणी विचार करावा

सुरुवात बीएमआयपासून होते. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की हा आकडा मिळतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल, तर बीएमआय साधारण ३५ येतो.

१९९१ मध्ये अमेरिकेत ठरलेले निकष अनेक वर्षे जगभर चालले. बीएमआय ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर असून सोबत गंभीर आजार, तरच शस्त्रक्रिया, असा तो नियम होता. भारतीयांच्या शरीरात मात्र तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते, तीही पोटाभोवती, आणि मधुमेह कमी वजनात व लवकर गाठतो. त्यामुळे आपल्याकडचे निकष खाली आणले गेले. २०२२ मध्ये या शास्त्राच्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनीही आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून शस्त्रक्रियेचा पर्याय समोर ठेवावा असे सांगितले. भारतातले शल्यचिकित्सक सर्वसाधारणपणे ३५ च्या वर, किंवा ३० च्या वर असून सोबत मधुमेह, उच्च रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे असे आजार असतील तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. औषधांनी न आवरणारा मधुमेह असेल, तर त्याहून कमी बीएमआयलाही हा विषय निघू शकतो.

या निकषांत बसणे म्हणजे शस्त्रक्रिया केलीच पाहिजे असे नाही. त्यात न बसणाऱ्याने मात्र लग्नसराई, फोटो किंवा कपड्यांचे माप यांसाठी या वाटेला जाऊ नये. त्वचेखालची चरबी ओढून काढण्याची लायपोसक्शन ही वेगळीच गोष्ट आहे. तिने शरीराचा आकार बदलतो, मधुमेह बरा होत नाही. वजन वाढण्यामागे थायरॉइडचा आजार, स्टेरॉइडसारखी औषधे किंवा अन्य संप्रेरकांचा बिघाड आहे का, हेही आधी तपासून घ्यावे.

पोटात नेमके काय करतात

भारतात दोन प्रकार जास्त चालतात आणि दोन्ही दुर्बिणीने, लहान छिद्रांतून होतात. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीमध्ये जठराचा साधारण तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी शिल्लक ठेवतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न मधला काही भाग टाळून पुढे जाते. बायपासचेही दोन उपप्रकार आहेत, एका जोडाचा आणि दोन जोडांचा.

दोन्हींचा परिणाम केवळ जागा कमी झाल्यामुळे होत नाही. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक घटते, पोट भरल्याची जाणीव देणारी आतड्यातली संप्रेरके वाढतात. म्हणूनच बायपासनंतर अनेक मधुमेहींची साखर वजन उतरण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत खाली येते. याच कारणाने इन्सुलिन आणि गोळ्यांचे प्रमाण लगेच बदलावे लागते. शल्यचिकित्सकाइतकाच मधुमेहतज्ज्ञही सोबत हवा.

छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणे हा त्रास ज्याला जुना आहे, त्याने तो आधीच सांगावा. स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. अशा रुग्णाला बायपास सुचवला जातो. उलट, रक्तातल्या जीवनसत्त्वांची टंचाई आधीच असेल किंवा आयुष्यभर गोळ्या घेण्याची खात्री नसेल, तर बायपास जास्त जोखमीचा ठरतो.

फायदा किती, कोणाला

दोन्ही पद्धतींनी पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाच्या साधारण एक चतुर्थांशाहून थोडे अधिक वजन कमी होते. १०० किलोचा माणूस ७० ते ७५ वर येतो, ५५ वर नाही. नंतर काही किलो परत चढतात. ही अपेक्षा आधीच स्पष्ट असली तर पुढची निराशा टळते.

मोठी यशे दुर्मिळ असली तरी खरी आहेत. वसईच्या ३०० किलो वजनाच्या एका महिलेवर २०१५ पासून टप्प्याटप्प्याने दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि चार वर्षांनी तिचे वजन ८६ किलोवर आल्याची बातमी २०१९ मध्ये देशभर छापून आली. त्याच काळातले दुसरे उदाहरण इजिप्तहून मुंबईत आणलेल्या महिलेचे. अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या या महिलेवर मार्च २०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली, वजनही बरेच उतरले, पण सप्टेंबरमध्ये अबू धाबीत तिचा मृत्यू झाला. एवढ्या उशिरापर्यंत हृदय, मूत्रपिंडे आणि मेंदू यांचे जे नुकसान झालेले असते, ते पोटाची शस्त्रक्रिया भरून काढू शकत नाही.

एकेका माणसाच्या कथेपेक्षा दीर्घ अभ्यास जास्त भरवशाचे. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० लठ्ठ व्यक्तींची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या तितक्याच लठ्ठ व्यक्तींशी केली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान सुमारे ३ वर्षांनी जास्त भरले. मात्र सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा ते तरीही साडेपाच वर्षांनी कमीच होते.

मधुमेहाबाबत अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा अभ्यास पाहावा. २०१७ मधल्या पाच वर्षांच्या निकालात एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा) ६ टक्के किंवा त्याखाली राखण्यात केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ५ टक्के, स्लीव्ह झालेल्यांपैकी २३ टक्के आणि बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के यशस्वी ठरले. औषधांच्या तुलनेत हा फरक फार मोठा आहे. पण बायपास झालेल्यांपैकीही बहुसंख्यांना ही पातळी गाठता आली नाही. ‘मधुमेह कायमचा बरा’ अशी जाहिरात दिसली, तर हे आकडे आठवावेत. मधुमेह दोन-चार वर्षांचा आणि स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होण्याची क्षमता शिल्लक असेल, तर फायदा जास्त. वीस वर्षांचा मधुमेह आणि रोज इन्सुलिन असेल, तर कमी. ही क्षमता सी-पेप्टाइड नावाच्या रक्ततपासणीतून कळते. ती शस्त्रक्रियेआधी करून घ्यावी.

रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, यकृतातली चरबी, गुडघ्यांवरचा भार, पाळीच्या तक्रारी, यांतही अनेकांना चांगला फरक पडतो. जिना चढताना दम न लागणे, खाली बसून उठता येणे, रात्री सलग झोप लागणे यांना रोजच्या जगण्यात मोठी किंमत आहे आणि हिशेबात त्यांनाही जागा द्यावी.

धोका किती, कधी

अमेरिकेतल्या दहा केंद्रांमधल्या ४,७७६ रुग्णांच्या अभ्यासात, जो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, पहिल्या ३० दिवसांत ०.३ टक्के रुग्ण दगावले. म्हणजे दर हजारी तीन. मृत्यू, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ, पुन्हा शस्त्रक्रिया, दीर्घकाळ रुग्णालयात राहावे लागणे यांपैकी काही ना काही गंभीर घडलेले रुग्ण ४.३ टक्के होते. अनुभवी केंद्रे आणि तिथले अनुभवी हात यांच्याकडचे हे आकडे आहेत. फार जास्त बीएमआय, आधी कधी रक्ताची गाठ झालेली असणे, झोपेत श्वास अडकणे आणि हालचाल जवळपास बंद असणे, यांनी धोका वाढतो.

केंद्र कसे आहे याने किती फरक पडतो, हे एप्रिल २०२४ मध्ये चेन्नईत दिसले. पुदुच्चेरीचा २६ वर्षांचा तरुण वजनाच्या शस्त्रक्रियेसाठी एका खासगी रुग्णालयात दाखल झाला आणि दगावला. तमिळनाडू सरकारने चौकशी केली, त्रुटी आढळल्या आणि त्या रुग्णालयाची नोंदणी स्थगित केली. वय कमी असले म्हणून रुग्णालयाची पारख ढिली करता येत नाही.

पहिल्या काही आठवड्यांतला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे टाक्यांमधून गळती. नाडी वेगाने चालणे, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणे, धाप लागणे, पिंढरी सुजणे यांपैकी काहीही झाले, तर रात्रीचे किती वाजले हे न पाहता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयातच जावे. उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत, तर बी-१ जीवनसत्त्व इतके घटू शकते की मेंदूला कायमची इजा होते. अशा वेळी घरगुती ओवा-आल्याच्या भरवशावर थांबू नये.

नंतरचे धोके हळू येतात आणि म्हणून दुर्लक्षित राहतात. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची कमतरता आयुष्यभराची सोबतीण होऊ शकते. शाकाहारी माणसात बी-१२ आधीच कमी असते, त्याला जास्त जपावे लागते. झपाट्याने वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात (बहुधा ते परत येतात) आणि कातडी लोंबते, ती मात्र आपोआप आवळत नाही. बायपासनंतर जोडाजवळ व्रण होऊ शकतो. धूम्रपान आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या त्याला आमंत्रण देतात. गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी घेण्याची सवय सोडावीच लागते.

मनाच्या धोक्याबद्दल बोलायला लोक कचरतात, म्हणून ते इथे स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात हजारो रुग्णांचा मागोवा घेतलेल्या २००७ च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एकूण मृत्यू ४० टक्के कमी आढळले, पण अपघात, आत्महत्या अशा आजाराव्यतिरिक्त कारणांनी झालेले मृत्यू ५८ टक्के जास्त होते. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, व्यसनाचा धोका वाढतो. ताण आला की खाण्याकडे वळणाऱ्या माणसाचा तो आधारच अचानक काढून घेतला जातो. नैराश्य किंवा दारूची सवय असेल, तर ती डॉक्टरांपासून लपवू नये. शस्त्रक्रियेआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही केवळ औपचारिकता मानू नये.

मूल हवे असलेल्या स्त्रियांनी शस्त्रक्रियेनंतर किमान एक ते दीड वर्ष गर्भधारणा टाळावी. याच काळात गर्भधारणेची शक्यता वाढते आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर मात्र पुरते विसंबून राहता येत नाही. दुसरे साधन आधीच ठरवून ठेवावे.

न करण्याचाही धोका असतो

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ‘काहीच न करणे’ ठेवून चालत नाही. तिथे वाढत जाणारा मधुमेह, हृदयविकार, झोपेतला अडकणारा श्वास आणि त्यांची पुढची वर्षे ठेवावी लागतात. २०२५ पासून तिसरा पर्यायही भारतात उपलब्ध आहे. टिर्झेपॅटाइडचे मुंजारो मार्चमध्ये आणि सेमाग्लुटाइडचे विगोवी जूनमध्ये बाजारात आले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या या इंजेक्शनांनी चाचण्यांमध्ये सरासरी १५ ते २१ टक्के वजन उतरले. मात्र सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे दिसले. म्हणजे इथेही खर्च आणि शिस्त दीर्घकाळची. बीएमआय ३० ते ३५ च्या आसपास असलेल्याने हा पर्याय आधी मधुमेहतज्ज्ञाशी बोलून पाहावा. बीएमआय ४५ असलेल्याला मात्र एकट्या इंजेक्शनाने पुरेसे वजन उतरेल याची शक्यता कमी.

दिल्लीत की पुण्यात

पहाडगंजातल्या अनेक कुटुंबांना वाटते, की पुण्या-मुंबईला जावे, आई किंवा बहीण जवळ असेल, डॉक्टर मराठीत बोलतील. आधाराची ही गरज खरी आहे. पण गळती आणि रक्ताच्या गाठीचे दिवस हे रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचे असतात. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात दिल्लीची गाडी पकडली आणि मथुरेच्या पुढे त्रास सुरू झाला, तर अडचण होते. बाहेरगावी शस्त्रक्रिया करायची असेल, तर किमान महिनाभर तिथेच मुक्काम ठेवावा. दिल्लीतल्या एका डॉक्टरांनी पुढची देखरेख स्वीकारल्याचे आधीच ठरवून घ्यावे. शक्यतो राहत्या शहरातच शस्त्रक्रिया करावी आणि आईला किंवा बहिणीला महिनाभर दिल्लीला बोलवावे. हा मार्ग सोपा आणि जास्त सुरक्षित आहे.

एम्ससारख्या सरकारी संस्थेत खर्च फार कमी, पण थांबावे लागते. खासगीत लवकर होते आणि काही लाखांचे बिल येते. थांबण्याचा काळ वाया जात नाही. त्या महिन्यांत धूम्रपान सोडणे, साखर आटोक्यात आणणे, थोडे वजन उतरवणे हे सगळे शस्त्रक्रियेचा धोका कमी करणारे आहे.

केंद्र सरकारच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेच्या कार्डधारकांनी खासगी रुग्णालयात जाण्याआधी लेखी परवानगी घ्यावी. रेल्वे कर्मचाऱ्यांनी बसंत लेनवरच्या उत्तर रेल्वेच्या मध्यवर्ती रुग्णालयातून शिफारस कशी मिळते ते विचारावे. खासगी विम्याचे नियम वेगळे आहेत. विमा नियामकाच्या २०१९ च्या प्रमाणित अटींनुसार दाव्यासाठी वय १८ किंवा त्याहून अधिक, बीएमआय किमान ४०, किंवा किमान ३५ असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर आजार अथवा न आवरणारा मधुमेह, आणि साधे उपाय फसल्याची नोंद लागते. डॉक्टर ३२ बीएमआयला शस्त्रक्रिया योग्य मानू शकतात, विमा कंपनी तरीही पैसे देणार नाही. हे आधी कळले तर कर्ज काढण्याची वेळ येत नाही.

घरातले ताट बदलते

पहिले दोन आठवडे द्रव, मग मऊ, मग साधे अन्न, असा क्रम असतो. दिवसाला ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिने हे पहिले उद्दिष्ट. मऊ पनीर, घट्ट वरण, दही, अंडे, मुगाचे धिरडे, नंतर उसळी, असे सुचवता येते. जेवणासोबत पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा तास सोडून घोट घोट प्यावे. एका दमात ग्लासभर पाणी आता जात नाही. त्यामुळे दिल्लीच्या मे-जूनच्या उन्हात शरीरातले पाणी पटकन घटते. बाटली सतत हाताशी लागते.

उपवासाबद्दल घरच्या वडीलधाऱ्यांशी आधी बोलून घ्यावे. साबुदाण्याच्या खिचडीत पिष्ट आणि तेल भरपूर, प्रथिने जवळजवळ नाहीत. हरतालिकेचा निर्जळी उपवास अशा शरीराला थेट धोकादायक आहे. बायपासनंतर पुरणपोळी किंवा मोदक पोटभर खाल्ला, तर घाम, धडधड, चक्कर, जुलाब होऊ शकतात. मंडळाच्या गणेशोत्सवात प्रसाद चमचाभर घेणे चालते. ‘एवढेसेच?’ असा आग्रह घरच्यांनी आणि पाहुण्यांनी थांबवला तर रुग्णाचे निम्मे काम सोपे होते.

भेटीला जाताना

शल्यचिकित्सकाला विचारावे : तुम्ही दरवर्षी अशा किती शस्त्रक्रिया करता? गळतीचे आणि मृत्यूचे तुमचे स्वतःचे प्रमाण काय? माझ्यासाठी स्लीव्ह की बायपास, आणि का? रात्री अतिदक्षता विभागात कोण असते? आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ याच चमूत आहेत का? पाच वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या रुग्णाशी, त्याची हरकत नसल्यास, बोलता येईल का? जे डॉक्टर या प्रश्नांना आकड्यांनी उत्तर देतात, त्यांच्याकडे दुसऱ्यांदा जावे. ‘आजच ठरवा, सवलत आहे’ असे जिथे ऐकायला मिळते, तिथून उठावे. शस्त्रक्रियेत काहीही हितसंबंध नसलेल्या एखाद्या मधुमेहतज्ज्ञाचे दुसरे मतही घ्यावे.

होकार ठरला, तर शस्त्रक्रियेच्या तारखेबरोबरच पुढच्या तपासण्यांच्या तारखाही लिहून घ्याव्यात : पहिल्या वर्षी तिसरा, सहावा आणि बारावा महिना, नंतर आयुष्यभर वर्षातून एकदा रक्तगणना, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड आणि एचबीए१सी. नकार ठरला, तरी हाच विषय सहा महिन्यांनी पुन्हा काढावा. तोपर्यंतचे वजन, कमरेचा घेर, रक्तदाब आणि एचबीए१सी वहीत नोंदवावे. आकडे सुधारत असतील तर तोच उपचार पुढे चालू ठेवावा, बिघडत असतील तर ती वही घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.